सँड्रा श्मर्लर आणि तिच्याबरोबरच्या तिघी

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक म्हणजे कॅनडातल्या बायकांच्या कर्लिंगच्या मॅचेस बघताना कॉमेंटेटर लोक अजूनही ज्या सँड्रा श्मर्लरचं नाव काढतात ती नक्की कोण होती, आणि दुसरं म्हणजे बर्फावर दगड सरकवायचा आणि त्याच्यापुढे झाडू मारत पळायचं एवढंच जर असेल तर त्यात चॅम्पियन माणूस बाकीच्यांपेक्षा वेगळं काय करतो. दोन्हीचं उत्तर एकत्रच देते कारण मला तरी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तिच्याइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. मी कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात राहते, बरीच वर्षं क्लबात लीड आणि सेकंड खेळले, आता शाळेतल्या पोरापोरींना शिकवते, आणि आमच्या इथे हे नाव घेतलं की अजूनही लोक दोन मिनिटं थांबून बोलतात.

आधी खेळाचं थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. बर्फाची पट्टी साधारण ४५ मीटर लांब आणि ५ मीटरला थोडी कमी रुंद, पलीकडच्या टोकाला गोल वर्तुळं काढलेली, बाहेरचं १२ फुटी, मग ८, मग ४ आणि मध्ये बटण, या सगळ्याला हाऊस म्हणतात. ग्रॅनाइटचा दगड, वजन जास्तीत जास्त २० किलोच्या आसपास. एका टीममध्ये चौघं, लीड, सेकंड, थर्ड आणि स्किप म्हणजे कॅप्टन, याच क्रमाने प्रत्येकाचे दोन दगड, म्हणजे एका एंडमध्ये दोन्ही टीमचे मिळून १६ दगड, आणि मोठ्या स्पर्धांत असे १० एंड. एंड संपला की ज्यांचा दगड बटणाच्या सगळ्यात जवळ त्यांनाच पॉइंट, समोरच्यांना शून्य, आणि समोरच्यांच्या सगळ्यात जवळच्या दगडापेक्षा आत तुमचे जितके दगड तितके पॉइंट. शेवटचा दगड ज्यांच्या हातात त्यांच्याकडे हॅमर आहे असं म्हणतात, आणि पॉइंट घेतला की पुढच्या एंडला हॅमर समोरच्यांकडे जातो, म्हणून कधीकधी टीम मुद्दाम एंड कोरा सोडते, एकच पॉइंट घेण्यापेक्षा हॅमर ठेवून पुढच्या वेळी दोन-तीन घेऊ म्हणून.

बर्फ गुळगुळीत नसतो हे टीव्हीवर कळत नाही. खेळाआधी त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात, ते गोठून पुरळासारखे उंचवटे तयार होतात आणि दगडाच्या तळाची जी अरुंद गोल कड असते ती या उंचवट्यांवरून जाते. दगड सोडताना मूठ हलकेच फिरवायची, त्या फिरण्यामुळे तो शेवटाकडे वेग कमी होत जाईल तसा एका बाजूला वळतो. घड्याळाच्या दिशेने फिरवला तर उजवीकडे, उलटा फिरवला तर डावीकडे. झाडू मारला की बर्फाचा वरचा पापुद्रा किंचित गरम होतो, घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. म्हणजे दगड हातातून सुटल्यावरही त्याचं काय करायचं ते अजून बाकी असतं, आणि ते टाकणारीच्या हातात नसतं, ते झाडणाऱ्या दोघींच्या आणि पलीकडे उभ्या असलेल्या चौथीच्या हातात असतं. हे लक्षात ठेवा, श्मर्लरची सगळी गोष्ट इथेच आहे.

सँड्राचा जन्म ११ जून १९६३, गाव बिगर, सस्कॅटून शहराच्या पश्चिमेला, वस्ती दोन-अडीच हजाराची. आमच्या प्रांतातलं गाव म्हणजे धान्याचं कोठार, चर्च, शाळा, हॉकीचं रिंक आणि त्याला लागून कर्लिंगचं रिंक. शेतकऱ्याला हिवाळ्यात शेतावर काम नसतं, बाहेर उणे ३० असतं, मग सगळं गाव संध्याकाळी रिंकमध्ये. ज्याला बाहेरून श्रीमंतांचा खेळ वाटतो त्याला मी नेहमी सांगते की इथे हा शेतकऱ्यांचा, शाळामास्तरांचा आणि बँकेत काम करणाऱ्यांचा खेळ आहे. आमच्या प्रांताच्या राजधानीतल्या, रेजायनाच्या, रिचर्डसन मंडळींनी, अर्नी रिचर्डसन स्किप, १९५९ ते १९६३ या काळात चार वेळा देश जिंकला आणि चारही वेळा पुढे जागतिक स्पर्धाही. बायकांमध्ये सस्कॅटूनच्या व्हेरा पेझरनी १९७१ पासून सलग तीन वर्षं राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९८० मध्ये रेजायनाची मार्ज मिचेल बायकांची जागतिक स्पर्धा जिंकणारी पहिली कॅनेडियन स्किप झाली, आणि तीन वर्षांत कॅन्सरने गेली. हे सांगते कारण सँड्रा शाळेत खेळायला लागली तेव्हा जग जिंकणारी बाई म्हणजे कुठली तरी लांबची नव्हती, आपल्याच प्रांतातली, आपल्यासारख्याच रिंकमधून आलेली होती, आणि पोरींना याचा फार फरक पडतो, मी शिकवताना बघते ना.

ती शाळेत कर्लिंग शिकली, मग सस्कॅटूनच्या युनिव्हर्सिटीतून शारीरिक शिक्षणाची डिग्री घेतली आणि रेजायनाला आली. तिथे साउथ ईस्ट लेजर सेंटर म्हणून सरकारी स्विमिंग पूल वगैरे असलेलं केंद्र होतं, तिथे नोकरी. आणि संध्याकाळी कर्लिंग, कॅलेडोनियन क्लबात, ज्याला रेजायनात सगळे कॅली म्हणतात. १९८७ ला कॅथी फालमनच्या टीममधून ती पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेला गेली, जॅन बेटकर त्याच टीममध्ये. ही बायकांची राष्ट्रीय स्पर्धा तेव्हा स्कॉट टूर्नामेंट ऑफ हार्ट्स म्हणून ओळखली जायची, आता स्कॉटीज म्हणतात. तिथे काही झालं नाही. पण १९९० ला सँड्रा आणि जॅननी स्वतःची टीम बांधायची ठरवली आणि तीच ती टीम, स्किप सँड्रा, थर्ड जॅन बेटकर, सेकंड जोन मॅककस्कर, लीड मार्शा गुडराइट. पुढची आठ-नऊ वर्षं हेच चौघींचं नाव.

आता इथे थोडी थांबते. टीम बांधणं हा कर्लिंगमधला सगळ्यात अवघड शॉट आहे असं मी म्हणेन. चांगले दगड टाकणाऱ्या चार जणी कुठेही सापडतात. पण लीड आणि सेकंडला आयुष्यभर झाडायचं असतं, नाव स्किपचं होतं, बोर्डावर टीमला नावच स्किपचं असतं. थर्डचं काम तर त्याहून विचित्र, स्वतः स्किप व्हायच्या लायकीची असूनही दुसरीच्या हाताखाली खेळायचं, आणि जेव्हा स्किप स्वतःचे दोन दगड टाकायला जाते तेव्हा पलीकडे झाडू धरून उभं राहायचं, नेम कुठे धरायचा ते दाखवायचं, दगड येताना झाडा की सोडा ते ओरडून सांगायचं. म्हणजे एंडचे सगळ्यात महत्त्वाचे दोन दगड स्किप टाकते तेव्हा टीम थर्ड चालवत असते. जॅन बेटकर माझ्या मते या कामात तिच्या पिढीतली सर्वोत्तम होती, आणि सँड्राचं मोठेपण हे की तिला हे पहिल्यापासून कळलं होतं आणि तिने कधी जॅनला नुसती झाडू धरणारी बाई केलं नाही. जुन्या टीव्ही रेकॉर्डिंगमध्ये चौघींच्या अंगावर माइक असतात, त्यांचं बोलणं ऐकू येतं, कुठला शॉट घ्यायचा ते ठरवताना त्या खरंच बोलतात, एकमेकींचं खोडून काढतात, हसतात, आणि मग एकदा ठरलं की ठरलं.

निकाल सांगते. १९९१ ला सस्कॅचवान जिंकून राष्ट्रीयला गेल्या पण जिंकल्या नाहीत. १९९३ ला ब्रँडनमध्ये, मॅनिटोबात, राष्ट्रीय जिंकली आणि मग जिनिव्हाला जागतिक. १९९४ ला वॉटरलूला परत राष्ट्रीय आणि जर्मनीत ओबर्स्टडॉर्फला परत जागतिक. जुन्या नोंदी शोधत असाल तर लक्षात ठेवा की या दोन्ही वर्षांत तिचं नाव सँड्रा पीटरसन असं सापडेल, तेव्हाचं लग्नाचं नाव, पुष्कळ लोक इथे चुकतात आणि दोन वेगळ्या खेळाडू समजतात. १९९५ ला सलग तिसऱ्यांदा जिंकायला गेल्या, नाही जमलं. १९९६ ला तर राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचणंच झालं नाही, प्रांतातच अडकल्या. १९९७ ला व्हँकुव्हरला पुन्हा राष्ट्रीय आणि बर्नला पुन्हा जागतिक, तीन जागतिक अजिंक्यपदं, बायकांमध्ये स्किप म्हणून असं त्याआधी कोणीच केलं नव्हतं.

मला या यादीत ९३, ९४, ९७ पेक्षा ९५ आणि ९६ जास्त महत्त्वाची वाटतात. दोनदा जग जिंकलेली टीम आपल्याच प्रांताच्या स्पर्धेत हरते तेव्हा काय होतं हे आम्ही क्लबात रोज बघतो, लहान प्रमाणावर. लगेच कुजबुज चालू होते, लीड बदला, अमकी झाडण्यात कमी पडते, तमकीला पोर झालंय ती वेळ देणार नाही. आजकाल तर ऑलिंपिक झालं रे झालं की मोठ्या टीम्स फुटतात, चार वर्षांचा हिशोब करून नवीन जोड्या जमवतात, पैसा आणि स्पॉन्सर आल्यावर ते होणारच, त्यांना नावं ठेवायला मी बसलेले नाही. पण या चौघींनी एकीलाही बदललं नाही. त्यातून काय मिळतं ते सांगते. माझी स्किप पलीकडून जोरात ओरडते तेव्हा तिच्या आवाजावरून मला कळायला लागतं की तिला दगड खरंच कमी पडेल असं वाटतंय की नुसती काळजी आहे. हे एका सीझनमध्ये होत नाही. दगड हातातून सुटून हाऊसमध्ये पोचेपर्यंत वीस-पंचवीस सेकंद मिळतात, त्यात झाडणारीने वेग सांगायचा, पलीकडचीने दिशा सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एकच निर्णय घ्यायचा. इतकी वर्षं एकत्र असलेल्या टीमला यातलं अर्धं बोलावंच लागत नाही.

नियमही त्याच काळात बदलत होते, आणि हा मुद्दा सहसा कोणी सांगत नाही. आधी समोरच्याने हाऊसच्या पुढे गार्ड, म्हणजे वाट अडवणारा दगड, लावला की तो लगेच उडवता यायचा, मग पुढे असलेली टीम सगळंच उडवत बसायची आणि मॅच २-१ ला संपायची, बघणाऱ्याला झोप यायची. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्री गार्ड झोनचा नियम आला, म्हणजे सुरुवातीच्या काही दगडांपर्यंत समोरच्याचे गार्ड खेळाबाहेर उडवायला बंदी. त्यामुळे हाऊसमध्ये आणि पुढे दगडांची गर्दी व्हायला लागली, त्या गर्दीतून वळवून दगड आत नेणं, म्हणजे ड्रॉ, याला एकदम किंमत आली, आणि लीडच्या पहिल्या दोन दगडांनाही. बऱ्याच जुन्या टीम्सना हे झेपलं नाही. श्मर्लरच्या टीमला मात्र हा खेळ मानवला, कारण मार्शा आणि जोन दोघी अचूक आणि शेवटी सँड्राचा ड्रॉचा हात, तो तर बोलायलाच नको.

आता ब्रँडन, नोव्हेंबर १९९७. कर्लिंग १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ म्हणून येणार होतं, बायकांसाठी पहिल्यांदाच. कॅनडाकडून कोण जाणार ते ठरवायला ट्रायल्स, देशातल्या सगळ्यात तगड्या टीम्स एकत्र. इथे लोक म्हणतात की ऑलिंपिक जिंकणं सोपं, कॅनडाच्या ट्रायल्स जिंकणं अवघड, आणि त्यात अतिशयोक्ती फार नाही. सँड्राची मोठी मुलगी सारा सप्टेंबरमध्ये जन्मलेली, म्हणजे ट्रायल्सला आली तेव्हा घरी जेमतेम दोन-अडीच महिन्यांचं बाळ. ज्यांनी कर्लिंगचा दगड टाकलाय त्यांना कळेल, हॅकमध्ये, म्हणजे बर्फात बसवलेल्या पाय टेकायच्या आधारात, पाय रोवून, खाली बसून, एका पायावर पूर्ण शरीर ताणून बर्फावर घसरत जायचं, पोट-कंबर-मांड्या सगळं लागतं त्याला, बाळंतपणानंतर इतक्या लवकर हे करणं म्हणजे काय ते बाईलाच कळेल.

फायनल कॅलगरीच्या शॅनन क्लाइब्रिंकशी. सातवा एंड, सँड्राचा शेवटचा दगड. बटणापाशी क्लाइब्रिंकचा दगड, सरळ वाट पुढच्या दगडांनी अडवलेली. ड्रॉ करून फार तर एकाचा जुगाड झाला असता. पण बाजूला, हाऊसच्या कडेकडे एक दगड पडला होता. कॅरम खेळलेल्यांना मी हे असं सांगते, समोरची सोंगटी दुसऱ्या सोंगटीच्या आड आहे, मग स्ट्रायकर आधी बाजूच्या सोंगटीला घासून तिथून आत वळवायचा, इथे फरक एवढाच की स्ट्रायकर २० किलोचा आहे, तो चाळीसेक मीटरवरून येतोय आणि वाटेत वळतोय. इथे याला इन-ऑफ म्हणतात. दगडाला दगड कुठे लागतो त्यात बोटभर फरक पडला की पुढचा कोन पूर्ण बदलतो. वेग कमी झाला तर आत पोचून समोरच्याचा दगड हलत नाही, जास्त झाला तर आपलाच दगड बाहेर जातो.

सँड्राचा दगड त्या बाजूच्या दगडाला लागला, आत आला, क्लाइब्रिंकचा दगड काढला आणि तीन पॉइंट झाले. मॅच ९-६ ने जिंकली. कॅनडात कर्लिंग बघणारी माणसं हा शॉट आजही पाठ सांगतात, कित्येक जण बायकांच्या कर्लिंगमधला सगळ्यात मोठा शॉट म्हणतात. मोठा आहेच. पण मी पोरांना तो दाखवते तेव्हा सँड्राकडे बघू नका म्हणते, आधीचं बघा. आधी त्या दोघी उभ्या राहून काय काय शक्य आहे ते बोलतात. मग जॅन झाडू ठेवते, आणि सँड्रा मागे हॅककडे निघून जाते, पुन्हा येऊन शंका काढत नाही. दगड सुटल्यावर जोन आणि मार्शा दोन्ही बाजूंनी त्याच्याबरोबर चालतात आणि त्यांचं काम वेगाचं. इन-ऑफमध्ये नेम जॅनचा, वेग झाडणाऱ्यांच्या नजरेत, हात सँड्राचा. असा शॉट निवडायची हिंमतच होते ती बाकीच्या तिघी आपापलं काम करणार याची खात्री असते म्हणून. एकटीच्या भरवशावर कोणी शहाणी बाई तो शॉट घेणार नाही, ती ड्रॉ टाकून एक घेईल.

नागानोच्या वेळचं कर्लिंग कारुइझावा नावाच्या गावात होतं. राउंड रॉबिनमध्ये, म्हणजे प्रत्येक टीमशी एकेक मॅच असलेल्या पहिल्या फेरीत, सातपैकी सहा मॅच जिंकल्या, सेमीफायनल ग्रेट ब्रिटनशी, स्किप कर्स्टी हे, मॅच बरोबरीत सुटून ज्यादा एंडला गेली आणि ६-५ ने निभावलं. फायनल डेन्मार्कशी, स्किप हेलेना ब्लाख लाव्हरसन, पहिल्याच एंडमध्ये तीन पॉइंट घेतले आणि शेवटी ७-५. बायकांच्या कर्लिंगचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. डेन्मार्कला त्या रौप्याचं अप्रूप इतकं की हिवाळी ऑलिंपिकमधलं त्यांचं ते पहिलंच पदक. कॅनडाच्या पुरुषांच्या टीमला तिथे फायनलला स्वित्झर्लंडकडून हार खावी लागली. टीमबरोबर पाचवी म्हणून अटिना फोर्ड होती आणि कोच तिची आई अनिता फोर्ड, या दोघींचं नाव बातम्यांत कमी येतं म्हणून मुद्दाम लिहिते.

पैशाचंही सांगायला हवं. यात पोट भरेल असं करिअर तेव्हा नव्हतं. यांच्या नोकऱ्या होत्या, सुट्ट्या साठवून स्पर्धांना जायचं, पोरं आजी-आजोबांकडे किंवा नवऱ्यांकडे ठेवायची. सँड्राने दुसरं लग्न शॅनन इंग्लंडशी केलं, आणि तो घर सांभाळतो म्हणून मी खेळू शकते असं या चौघींपैकी प्रत्येकीला म्हणता आलं असतं इतकं नवऱ्यांचं आणि घरच्यांचं पाठबळ होतं. आज आमच्याकडे मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी आई मला विचारते ना की मुलीला कर्लिंगला घातलं तर अभ्यासाचं काय, तेव्हा मी तिला हेच सांगते की हा खेळ अभ्यास आणि नोकरी सांभाळून जग जिंकलेल्या बायकांचा आहे, घाल बिनधास्त.

पुढचं लिहायला जड जातं. ३० जून १९९९ ला दुसरी मुलगी जेना झाली. त्याच सुमारास पाठीत दुखायला लागलं होतं, बाळंतपणामुळे असेल म्हणून आधी वाटलं, मग तपासण्यांत कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन. मधल्या काळात फारसं कोणाला काही सांगितलं नाही. फेब्रुवारी २००० मध्ये न्यू ब्रन्सविकला मॉन्क्टनमध्ये कॅनडाची ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धा होती, तिथे ती सीबीसी या कॅनडाच्या सरकारी वाहिनीसाठी कॉमेंट्री करायला गेली, आणि तिथेच पत्रकारांसमोर बसून आजाराबद्दल बोलली. कर्लिंगची मॅच हरणं म्हणजे जगाचा अंत नाही हे आता कळलं अशा अर्थाचं ती बोलली होती. पुढे काय करायचंय तर तीन गोष्टी, घरच्यांची काळजी घ्यायची, पुन्हा कर्लिंग खेळायचं आणि कुठेतरी ऊन असलेल्या ठिकाणी सुट्टीवर जायचं. इतक्या साध्या गोष्टी. २ मार्च २००० ला रेजायनात ती गेली. वय ३६.

तिच्या अंत्यविधीच्या दिवशी पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा, ब्रायर, सस्कॅटूनला चालू होती. अंत्यविधी टीव्हीवर लाइव्ह दाखवला गेला आणि स्टेडियममधल्या लोकांना तो बघता यावा म्हणून तिथला खेळ उशिरा सुरू केला. ब्रायर म्हणजे इथला सण, त्याची वेळ कोणासाठी बदलत नाहीत. राजकारणी, हॉकीचे मोठे स्टार यांच्यासाठी देश थांबलेला लोकांनी पाहिलाय, पण स्विमिंग पूलवर नोकरी करणाऱ्या, गावाकडच्या एका बाईसाठी हे झालं. तिने ज्या लेजर सेंटरमध्ये काम केलं त्याला आता तिचंच नाव आहे, रेजायनातली पोरं सँड्रा श्मर्लर लेजर सेंटरमध्ये पोहायला शिकतात. बिगर गावात तिच्या नावाचं ऑलिंपिक गोल्ड पार्क आहे. स्कॉटीजच्या प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूला जो पुरस्कार मिळतो तोही तिच्या नावाचा. आणि २००१ ला सुरू झालेलं सँड्रा श्मर्लर फाउंडेशन दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या किंवा गंभीर आजारी नवजात बाळांसाठी देशभरातल्या हॉस्पिटलांना यंत्रसामग्री घ्यायला पैसे देतं, दरवर्षी स्कॉटीजच्या वेळी टीव्हीवरून त्यासाठी पैसे गोळा करतात. कॉमेंटेटर नाव घेतात ते यामुळेही.

तिच्यानंतर कॅनडाच्या बायकांना ऑलिंपिक सुवर्ण परत मिळायला २०१४ उजाडलं, सोचीला जेनिफर जोन्सची टीम, एकही मॅच न हरता. सर्वात श्रेष्ठ कोण, जोन्स की श्मर्लर, यावर आमच्या क्लबात बर्फ वितळेपर्यंत वाद होतात. जोन्सचा रेकॉर्ड लांब आहे, तिने राष्ट्रीय स्पर्धा सहा वेळा जिंकली, कित्येक वर्षं वेगवेगळ्या साथीदारांबरोबर वर राहून दाखवलं, आकड्यांनी बघितलं तर जोन्सच. पण टीम म्हणून विचाराल, चौघींचं एकच डोकं असल्यासारखं खेळणं म्हणून विचाराल, तर माझं मत श्मर्लरच्या टीमला आणि ते बदलायचं कारण मला अजून मिळालेलं नाही.

तर तुमचा दुसरा प्रश्न, चॅम्पियन वेगळं काय करतो. दगड टाकायचं तंत्र एका पातळीनंतर सगळ्यांचं सारखंच होतं, राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूंमध्ये नुसत्या हाताचा फरक फार थोडा. फरक पडतो बर्फ वाचण्यात. तोच बर्फ पहिल्या एंडला एक आणि सातव्या एंडला वेगळा असतो, उंचवटे घासून जातात, जिथून जास्त दगड गेलेत ती वाट पळती होते, कडेची मंद राहते, प्रेक्षक आले की हॉलमधला उबारा वाढतो त्यानेही बदलतो. हे चौघींनी मिळून टिपायचं असतं, लीड सांगते इकडे जास्त वळला, सेकंड सांगते तो झाडूनही पोचला नाही, आणि हे सगळं शेवटचा दगड टाकणारीच्या डोक्यात साठत जातं. ज्या टीममध्ये लीडला वाटतं की आपलं कोण ऐकतंय, ती सांगायचं सोडून देते. मग दहाव्या एंडला स्किप चुकते आणि सगळे म्हणतात स्किपचा हात थरथरला. हात थरथरलेला नसतो, तिला माहितीच मिळालेली नसते.

तुम्हाला किंवा मुलांना खेळायचं असेल तर कॅनडात कुठल्याही गावात शरद ऋतूत क्लब नवशिक्यांसाठी वर्ग लावतात, दगड क्लबाचे असतात, कर्लिंगचे बूट आणि ब्रश सुरुवातीला भाड्याने किंवा उसने मिळतात, फक्त स्वच्छ तळाचे साधे बूट आणि ताणली जाणारी पँट घेऊन जायचं. खेळाआधी समोरच्यांशी हात मिळवायचा, चुकून आपला पाय किंवा ब्रश चालत्या दगडाला लागला तर आपणच सांगायचं, रेफरी सांगेपर्यंत थांबायचं नाही, आणि मॅच झाल्यावर दोन्ही टीम एका टेबलावर बसतात. पहिली दोन-तीन वर्षं लीड म्हणूनच खेळा, स्किप व्हायची घाई नको, झाडता झाडता जेवढा बर्फ कळतो तेवढा दुसऱ्या कशाने कळत नाही.

आणि ब्रँडनची ती १९९७ ची फायनल इंटरनेटवर सापडते, सातवा एंड पहिल्या दगडापासून बघा, शेवटचा शॉट तेवढा नको, कारण तो शेवटचा शॉट शक्य झाला तो आधी पडलेल्या पंधरा दगडांमुळे. बघून झालं की काही कळलं नाही तर विचारा, कुठला दगड का टाकला ते मी सांगेन.